लांबूनच सांगा

तिसरीच्या बाईंना गांडुळाची भीती वाटायची. किळस नव्हे, चांगली घाम फोडणारी भीती. लहानपणी मोठ्या भावानं गंमत म्हणून मानेवर एक सोडलं होतं, तेव्हापासून ओल्या मातीशी त्यांनी संबंधच तोडला होता. घरच्या कुंड्याही नवराच बघायचा.

नेमकं त्यांच्याच गळ्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाहेरचा वर्ग घातला. शाळेमागे ओढ्याकाठी मोकळी जागा होती. चार झाडं, एक पडलेलं खोड आणि हवा तेवढा चिखल. आठवड्यातून दोनदा मुलांना तिथं न्यायचं.

"पुस्तकाचं पान कमी, झाडाचं पान जास्त," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मला नाही जमायचं."

"अहो, झाडाखाली बसून शिकवायचंय, वाघ नाही धरायचा!"

केस पांढरे व्हायला लागल्यावर किड्याला भिते, असं बाई कोणत्या तोंडानं सांगणार? सुरुवातीला त्या मुलांना खोडावर ओळीनं बसवायच्या आणि पाढे म्हणून घ्यायच्या. भिंती तेवढ्या नव्हत्या, बाकी वर्ग तोच.

मग एकदा पावसाची सर येऊन गेली होती. वर्गातली सगळ्यात बडबडी पोरगी, तिला सगळे चिमणीच म्हणत, मूठ मिटून धावत आली. "बाई, बघा!" तिनं मूठ उघडली. बाई किंचाळल्या आणि मागच्या मागे चिखलात बसल्या.

कुणीतरी फिस्सकन हसलं. चिमणीचा चेहरा उतरला.

"बाई, तुम्ही घाबरता?"

आता लपवायला उरलं तरी काय होतं? "हो," बाई उठत म्हणाल्या. "खूप घाबरते. जिथून उचललंस तिथं ठेव त्याला. आणि तिथूनच सांग, कसं आहे ते."

"लांब आहे."

"लांब तर दोरीपण असते. नीट सांग."

चिमणी गुडघ्यांवर बसली. "गुलाबी. नाही, तपकिरी. अंगाला वळ्या आहेत. एका जागी जाड पट्टा आहे."

"डोळे?"

बाकीची मुलंही वाकली. "नाहीतच, बाई!"

"मग तोंड कुठल्या बाजूला ते कसं कळायचं?"

यावर वाद पेटला. घंटा झाली तरी कुणी उठेना. बाई पाठ फिरवून, चिखलानं भरलेल्या कपड्यांत, एकेक प्रश्न विचारत उभ्या होत्या.

रात्री नवऱ्यानं विचारलं, "सगळ्यांसमोर पडलीस?"

"पडले. कपडे भिजत घातलेत."

पुढे हीच रीत पडली. बाई बघणार नाहीत, म्हणून मुलांना बघावं लागायचं. "एक किडा होता" एवढ्यावर बाईंचं समाधान होत नसे. एक आई तक्रार घेऊन आली, की भाजीत अळी निघाली तर पोरगा आधी तिचं वर्णन करत बसतो, जेवण गार होतं.

काही वर्षांनी मोठ्या बाईंनी त्यांना इतर शिक्षकांना शिकवायला सांगितलं. त्यांत भित्रं कुणीच नव्हतं. दिसेल ते उचलून मुलांपुढे धरायचे. मुलं बघायची आणि पुढं पळायची.

"तुम्हीच सगळं दाखवलंत तर त्यांनी सांगायचं काय?" बाई म्हणाल्या.

"मग आम्हीही घाबरल्याचं सोंग करू?" एका तरुण शिक्षकानं विचारलं.

"सोंग पोरं लगेच ओळखतात. नुसतं मागं उभं राहा."

बाईंची भीती काही गेली नाही. निवृत्तीच्या वर्षी मुलांनी फार आग्रह केला, "एकदाच हात लावा ना!" बाईंनी एक बोट पुढं केलं, डोळे घट्ट मिटले आणि बोट मागं घेतलं.

"नको रे," त्या म्हणाल्या. मुलांनी मान डोलावली आणि पुन्हा मातीत डोकी घातली.