शेजारधर्माला मार्क नाहीत

“समाजसेवेचा काही अनुभव?” अध्यक्षांनी विचारलं.

“न्हाई सर,” वैशाली म्हणाली.

मी टेबलाच्या टोकाला बसलो होतो. मला बोलायची परवानगी नव्हती.

भोकरदन तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी मेडिकल ऑफिसर आहे. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत शिकलो आणि पुढे एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजने मला डॉक्टर केलं. खेड्यासाठी डॉक्टर घडवायचे, हे त्या कॉलेजचं ब्रीद. पहिल्या वर्षीच आम्हाला खेड्यात राहायला पाठवायचे. बरोबरची मुलं कंटाळायची, मला मात्र घरी आल्यासारखं वाटायचं. त्या कॉलेजचे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून कुणीही कॉलेजबद्दल विचारलं तर मी त्याचंच नाव आधी घेतो.

एमबीबीएसची सीट ‘नीट’च्या मार्कांवर मिळते. तिथे मुलाखत नसते. पण या कॉलेजची फी आमच्याकडच्या माणसाला झेपत नाही. म्हणून ट्रस्ट दरवर्षी काही मुलांची सगळी फी भरतो आणि बदल्यात बॉन्ड लिहून घेतो, की पास झाल्यावर खेड्यात नोकरी करीन. ही सेवा-शिष्यवृत्ती. मुलाखत असते ती हिची. पॅनलवर खेड्यात काम करणारा एक माजी विद्यार्थी लागतो, तो मी. उत्पन्नाची अट नाही. अट सेवाभावाची आहे.

वैशालीची आई कांताबाई आमच्या केंद्राची आशा. आशा म्हणजे गरोदर बायकांना तपासणीला आणणारी, लेकरांच्या लसीकरणाची आठवण करून देणारी गावातलीच बाई. वडील मेंढरं राखतात. सरकारी कॉलेजला वैशालीचे मार्क थोडे कमी पडले. या कॉलेजला पुरत होते. शिष्यवृत्ती मिळाली तर डॉक्टर, नाहीतर नाही, इतका साधा हिशोब होता.

कोणतं कॉलेज टाकू, हे ती मलाच विचारायला आली होती. मी म्हणालो, हेच टाक. पुढे काय करणार ते विचारलं, तर म्हणाली, “इथंच यीन सर. आपल्याकडं बाईडॉक्टर कुठंय?”

मुलगी माझ्या ओळखीची आहे, हे मी अध्यक्षांना आधीच कळवलं. ते म्हणाले, मग तुम्ही तिला प्रश्न विचारू नका आणि मार्कही देऊ नका. मी तिचा अर्ज पाहिला नाही. मुलाखतीत काय विचारतात, तेही तिला सांगितलं नाही. नियम तसाच होता आणि तो योग्य होता, असं मला आजही वाटतं.

पण ती ‘न्हाई’ म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडची मेंढपाळ कुटुंबं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी निघतात. आज एका शिवारात तळ, उद्या दुसऱ्या. त्यांच्या लेकरांचे डोस नेमके तेव्हा चुकतात. वैशाली काकाला, मामाला फोन लावायची आणि आमच्या सिस्टरला घेऊन बरोबर तळावर पोचायची. लसीचा थंड डबा तिच्या मांडीवर असायचा. बायका सिस्टरला बघून लेकरं लपवायच्या आणि वैशालीला बघून बाहेर काढायच्या. कांताबाईंचे गुडघे धरले की बाळंतपणाच्या बाईसोबत गाडीत बसायची तीही वैशालीच.

तिच्यानंतर अथर्व आला. शहरातल्या डॉक्टर दांपत्याचा मुलगा. उन्हाळ्यात तो माझ्याच केंद्रावर आला होता, या मुलाखतीसाठी लागणारा अनुभव घ्यायला. पोरगा वाईट नव्हता. उन्हाने बेजार झाला होता, इतकंच. त्याने फाइल उघडली. त्यात फोटो होते, दैनंदिनी होती आणि शेवटी माझ्याच सहीचं हजेरीचं सर्टिफिकेट. सही खरी होती, कारण तो हजर होता. ‘वंचितांशी नाळ जुळली’ असं तो म्हणाला. पॅनलवरच्या मॅडमनी मान डोलावली.

मुलाखती संपल्यावर मी अध्यक्षांना तळांचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग ती बोलली का नाही?”

“सर, ती त्याला सेवा समजत नाही.”

“डॉक्टर, उमेदवार जे सांगतो त्याला आपण मार्क देतो. उद्या प्रत्येक जण ओळखीच्या पोरांचं असं सांगेल.”

त्यांचं चूक नव्हतं. तिथे कुणाचंच काही चूक नव्हतं. शिष्यवृत्ती अथर्वला मिळाली, वैशालीला नाही.

निकाल मी स्वतः तिच्या घरी जाऊन सांगितला. वैशाली चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी कांताबाईंना म्हणालो, एवढं केलंय पोरीनं, सांगायचं तरी.

“काय सांगावं सायेब? आपल्याच भावकीतल्या बाया, आपलीच लेकरं. त्याला सेवा म्हंतेत का? सेवा तर बाहेरचे लोक येऊन करतेत.”

मीही सेवाच करतो आणि त्या सेवेचा पगार घेतो.

वैशाली जालन्याला नर्सिंगला लागली. दिवाळीनंतर कॉलेजचा फोन आला. नव्या बॅचला ‘दुर्लक्षित घटकांचं लसीकरण’ हा उपक्रम करायचा होता, पण मेंढपाळांचे तळ सापडत नव्हते. कुणी माहीतगार आहे का? मी वैशालीचा नंबर दिला. ती सुट्टी काढून आली आणि त्यांना तळोतळी घेऊन हिंडली. त्या बॅचमध्ये अथर्वही होता. कसं झालं विचारलं, तर म्हणाली, “पोरं जरा भेत होती सर, पण डोस बराबर देले त्यांनी.”

कॉलेजने तिला समाजसेवेतल्या सहभागाचं सर्टिफिकेट दिलं. कांताबाईंनी ते लॅमिनेट करून आणलं आणि मला दाखवायला केंद्रावर घेऊन आल्या. मी चांगलं आहे म्हणालो.

पालक अजूनही विचारतात, खेड्यासाठी काम करणारं कॉलेज ओळखायचं कसं? मी सांगतो, माहितीपुस्तिकेत काय छापलंय ते राहू द्या, आत कुणाला घेतात ते बघा.

पॅनलवर मी अजून जातो. प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारतो, “तुमच्या शेजारी कुणी आजारी पडलं तर त्याला दवाखान्यात कोण नेतं?”

अध्यक्ष विचारू देतात. त्या प्रश्नाला मार्क नाहीत.