बुधवारी न विझणारा पडदा

नातेवाईक जमले की मला जुन्या केसेस सांगायला लावतात. खून, दरोडे सगळं सांगून झालं. ही एक मात्र मी वर्षानुवर्षं टाळली, आणि विसरलो नाही ती हीच.

सुरतच्या पूर्व भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. फिर्याद टाइप करायला एकच जुना कॉम्प्युटर. फिर्यादी रडत सांगतोय, निम्मा मजकूर झालाय, आणि पडदा काळा. सीपीयूचा दिवा चालू, पंखा चालू, समोर काही नाही. मेकॅनिकने रॅम काढून खोडरबराने घासली, दुपारपर्यंत चालला. मग मॉनिटर बदलला. तोही विझला. "भंगारात काढा साहेब," म्हणून तो मोकळा झाला. नव्याची मागणी केली, तर वरून उत्तर आलं: आहे तो दुरुस्त करून घ्या.

त्यातच कापडाच्या ताक्यांच्या चोरीचं आरोपपत्र मुदतीत कोर्टात द्यायचं होतं. आमचे गुजराती हेड कॉन्स्टेबल हळूच म्हणाले, "साहेब, एक वात कहूं? बेनची रजा बुधवारी. आणि बुधवारी पडदा एकदाही जात नाही."

बेन म्हणजे आमची कंत्राटी ऑपरेटर, मूळची खानदेशची, सुरतच्या डिंडोली भागात राहणारी. पुढचे काही बुधवार मी नजर ठेवली. खरंच होतं. शिवाय चोरीतला आरोपी तिच्याच गल्लीतला. मी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बुधवारीच रजा का?"

"पलीकडचा लूमचा कारखाना बुधवारी बंद असतो साहेब. हे तिथंच कामाला. त्या दिवशी घरी असतात."

"नवऱ्याचं विचारलं नाही. मॉनिटरच्या केबलला हात कोण लावतं?"

"मीच. पडदा गेला की तुम्हीच ओरडता, हलवून बघ म्हणून."

मला ते उलट उत्तर वाटलं. कामात अडथळा आणल्याचा संशय, असा अहवाल मी पाठवला. कंत्राटी माणूस, तिला काढायला वेळ लागला नाही.

तिच्या जागी शिपाई बसवला. पडदा जातच राहिला. तिनेच जाताना काही करून ठेवलं असणार, असं मी सगळ्यांसमोर बोललो. मग बुधवार आला. मी स्वतः टायपिंगला बसलो. पडदा ठीक होता, आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी स्थिर होतं. एरवी ते सतत थरथरायचं. भिंतीपलीकडचे कापडाचे लूम आमच्या इतके अंगवळणी पडले होते की त्यांचा हादरा कुणाला जाणवतच नसे.

टेबल भिंतीपासून ओढून पाहिलं. सीपीयूला केबल आवळायचे नट तुटलेले, केबल नुसती टेकवलेली. हादऱ्याने सैल व्हायची. टेबल समोरच्या भिंतीला नेलं, केबल तारेने बांधली. त्रास संपला.

खरं कारण तिने माझ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. चौकशीत मी फक्त कबुलीजबाब ऐकायला बसायचो. बाकी उत्तरं कानावर पडून जायची. अहवाल मी मागे घेतला नाही. घेतला असता तर माझी चूक वरपर्यंत गेली असती. म्हणून आता लिहितो: त्या बाईंनी काहीही केलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा डिंडोलीला त्यांच्या घरी गेलो. त्या साडीवर खडे लावत बसल्या होत्या. पाणी दिलं.

"तो कॉम्प्युटर आहे का अजून साहेब?"

"जागा बदलली. मग चालला बरीच वर्षं."

"म्हणजे कुणी काही केलं नव्हतं."

"नाही."

"वर कळवलंत का तसं?"

मी पाणी संपवलं, "येतो ताई" म्हणालो आणि उठलो. "माझं चुकलं" हे शब्द जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तोंडात आले. वर पाहिलं. त्यांनी दार लावून घेतलं होतं.