आबांसाठी जपानी टेलिव्हिजन

जपानहून काय आणलं याची यादी माझ्या वहीत आहे: क्षयाच्या वॉर्डाबद्दलची टिपणं, दोन थर्मामीटर, एक छत्री. शेवटच्या पानावर मात्र तिथं टेलिव्हिजनवर पाहिलेल्या एकवीस गोष्टी आहेत. आमच्याकडे तेव्हा टेलिव्हिजन कुणी पाहिलंही नव्हतं. त्या कशाला लिहिल्या, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

मी शिरूरच्या मिशन दवाखान्यात नर्स. मिशनने मला चार महिन्यांच्या शिक्षणासाठी पाठवलं होतं. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, भाषा कळायची नाही. संध्याकाळी नर्सांच्या वसतिगृहात मी टेलिव्हिजनसमोर जाऊन बसे, कारण तिथं मला कुणी काही विचारत नसे. एक बाई चाकू पुसून घ्यायची आणि दहा मिनिटं एकच मुळा सोलायची. साल धोतराच्या पट्टीसारखी लांबच लांब, न तुटता. टाय लावलेले साहेब अंड्यांचं ताट घेऊन फळीवरून चालायचे, पाण्यात पडायचे आणि निथळत कमरेत वाकून नमस्कार करायचे. एकदा एका माणसाने इतक्या गंभीरपणे माफी मागितली की मला वाटलं कुणीतरी वारलं. कार्यक्रम दोन मिनिटं उशिरा सुरू झाला होता. हसू यायचं, पण उठवत नसे.

शिरूरला परतले ती थेट वॉर्डात. कोपऱ्यातल्या खाटेवर दौंडकडचे एक धनगर आबा होते. खोकला थांबला होता, वजन वाढलं होतं, आणि त्यांना घरी जायचं होतं. दिवाळीनंतर मेंढरं कोकणात उतरतात, त्यांच्याबरोबर. अजून तीस इंजेक्शनं बाकी होती. ती झाली की गोळ्या देऊन सोडता आलं असतं. खोकला थांबताच पळालेली माणसं पुढच्या वर्षी रक्त ओकत येत. काही येतही नसत.

"शिष्टर, मी बरा हाय."

"बरे दिसता, आबा. बरे झाला नाहीत."

समजावून, रागावून पाहिलं. शेवटी थकून म्हटलं, "रोज सुई घ्या, मी रोज जपानातली एक गंमत सांगते." यादीत एकवीस गोष्टी, सुया तीस. मेळ पहिल्या दिवशीच बसत नव्हता, पण दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता.

"म्हंजी रेडिओला काच लावलेली?"

"तसंच समजा."

पैलवानांची गोष्ट त्यांना फार आवडली. दोन अवाढव्य माणसं मीठ उधळतात, एकमेकांकडे डोळे वटारतात, माघारी फिरतात, पुन्हा मीठ. आणि कुस्ती मात्र एका धक्क्यात संपते.

"मीठ? चाटून तरी बघत्यात का न्हाई?" आबा म्हणाले. "आमच्या गावचा पैलवान असता तर तवर घरी जाऊन जेवून आला असता."

सगळा वॉर्ड हसला, हसता हसता खोकला.

एकविसावी गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांचे दोन्ही मुलगे आले. मेंढरं बाहेर रस्त्यावर थांबली होती. त्यांचा आवाज वॉर्डात येत होता. थोरला म्हणाला, "आबा, उठा. घोड्यावर जागा केलीया."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "आज काय हाय, शिष्टर?"

आदल्या दिवशी मी दोन पाळ्या केल्या होत्या. नवीन काही रचून सांगण्याचं त्राण नव्हतं, आणि मला ते जमतही नाही.

"संपलं, आबा. यादीत काही उरलं नाही. सुया नऊ उरल्यात."

ते बराच वेळ बाहेरचा आवाज ऐकत राहिले. मग मुलांना म्हणाले, "तुम्ही व्हा म्होरं. काळी मेंढी गाभण हाय, तिला चढाला हाकू नका. मी मागनं येतो."

मुलगे गेले. रस्ता शांत व्हायला अर्धा तास लागला. आबांनी बाही वर केली.

"आन् आता मुळेवालीपासनं सांगा. समदं पाठ हाय मला. चुकलात तर धरीन."

मी सुई टोचली आणि स्टूल ओढलं. बसल्यावर कळलं, पाय किती दुखत होते.

"एक बाई होती," मी म्हटलं.

"आधी चाकू पुसती," आबा म्हणाले.