भाऊजींचा शेवटचा हात

काम अर्धवट टाकणारी माणसं अमरावतीत पैशाला पासरी मिळतात; पण पूर्ण झालेलं काम पुन्हा अर्धवट करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. भाऊजी अकोल्याच्या एका शाळेत जन्मभर ड्रॉइंग शिकवत होते. शाळेचा फलक, गॅदरिंगचे पडदे, कुंपणाची भिंत, सगळं त्यांच्याच हातचं. आणि त्यातलं एकही काम त्यांच्या मते अजून संपलेलं नाही. त्या भिंतीवरच्या गाईगुरांच्या चित्राचं उद्घाटन होतं. पुढाऱ्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, तोच शिडीवरून आवाज आला, "साहेब, जरा बाजूले सरका ना, गाईचं शिंग राह्यलं!" पुढारी बिचारे सरकले. वर्गातही तीच गत. पोराने मडकं काढलं की हे "पोट थोडं खाली उतरव बाप्पा" म्हणत स्वतःच पेन्सिल घेणार, आणि तास संपेपर्यंत पोराचं मडकं गायब होऊन कागदावर भाऊजींचा रांजण उभा!

लोकांना भेट दिलेल्या चित्राचीही सुटका नाही. पिशवीत रंग-ब्रश घेऊन हे लोकांच्या घरी धडकणार आणि "चहा मांडा, तवर मी आभाळ पाह्यतो" म्हणत खुर्चीवर चढणार. लोक चित्रं कपाटात लपवू लागले. मी कुठे लपवू? आई गेल्यावर भाऊजींनी तिचं चित्र काढून दिलं. आईला फोटोचा भारी तिटकारा, त्यामुळे तिचा चेहरा म्हणून आमच्याकडे तेवढंच. आणि त्यालाच हे दर दिवाळीला हात लावणार! एका वर्षी आई रागावलेली, दुसऱ्या वर्षी हसरी, एकदा तर ती चक्क भाऊजींच्या मावशीसारखी दिसायला लागली. मी चिडून म्हणायचो, "भाऊजी, आई आमची आहे हो! राहू द्या तिला!" त्यावर शांतपणे उत्तर, "तुह्या मायचे डोळे बोलत होते. हे अजून मुके हायेत."

यंदाच्या दिवाळीला भाऊजी ताईबरोबर आले ते रिकाम्या हाताने. आईचं चित्र टांगलेल्या भिंतीपुढे बसले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "झालं बा आता. बरोबर जमलं." माझ्या जिवात जीव आला. सुटलो एकदाचा! मग लक्षात आलं, ते चित्राकडे नव्हे, शेजारच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

स्वयंपाकघरात ताईने डोळ्यांना पदर लावला. "शुगरनं डोळ्याचा पडदा खाल्ला रे. समोरचं दिसतच नाई त्याईले. कोणाले सांगू नको म्हणतात."

मला काय झालं कोण जाणे. तसाच बाजारात गेलो, रंग आणि ब्रश घेऊन आलो. म्हटलं, "भाऊजी, आईच्या लुगड्याचा रंग उडाला हो. नीट करा."

त्यांनी ब्रशाच्या केसांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "निळ्यात पिवळा टाक. थोडाच. तुही माय मोरपंखी नेसे."

मी रंग कालवला, चित्र खाली घेतलं, ब्रश टेकवला. भाऊजींनी चाचपडत माझं मनगट धरलं आणि शाळेतल्यासारखे खेकसले, "हात काहून कापून राह्यला तुहा? मी हावो ना!"