चौथा ब

त्या वर्षी ॲन आर्बरला मला करण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्याचा व्हिसा एच-वन, माझा एच-फोर. म्हणजे त्याने ऑफिसला जायचं आणि मी खिडकीतून बर्फ बघत बसायचं. डोकं भणाणून जायचं माझं. आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर एकटी राहायची, मूळची आइसलँडची. मी तिला आजी म्हणायला लागले आणि रोज सकाळी दहाला तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले.

तिचे वडील रीमुर म्हणायचे. रीमुर म्हणजे चार-चार ओळींच्या कडव्यांतली लांबलचक गोष्ट, सुरात म्हणायची. त्यांच्याकडे एक खेळही होता. एकाने कडव्याच्या पहिल्या दोन ओळी टाकायच्या, दुसऱ्याने बसल्या जागी उरलेल्या दोन जोडायच्या. आजी तिच्या भाषेत टाकायची, मी मराठीत जोडायचे. नियम मात्र तिचाच. माझ्या पहिल्या ओळीत एकाच अक्षराने सुरू होणारे दोन शब्द हवेत, आणि दुसरी ओळ त्याच अक्षराने उघडायला हवी. झाले तीन. तिथे थांबायचं. चौथा आला की कडवं नासलं.

आता अनुप्रास म्हटला की आपला हात थांबतो का? शाळेपासून जितका जास्त तितकी शाबासकी. मी हटकून चौथा घुसडायचे आणि आजी चमचा टेबलावर हाणायची. मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं तिला, पण अक्षर ओळखण्यात दोन हिवाळ्यांत एकदाही चुकली नाही. मला भयंकर राग यायचा. इतकं छान जमलेलं आणि ही बया चमचा आपटते.

मग तिच्या हातून दोनदा शेगडी चालू राहिली. दुसऱ्या वेळी पडद्याने पेट घेतला. मीच धावत जाऊन पाणी ओतलं. तिची मुलगी तिकडे टेक्सासला, शुगर लँडमध्ये. तिने फोनवर सांगून टाकलं की घर विकायचं आणि आईला आपल्या जवळच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. आजी ऐकेना.

मला म्हणाली, "माझं डोकं गेलं तर आधी कान जाईल. ज्या दिवशी चमचा वाजणार नाही, त्या दिवशी मी आपण होऊन जाईन. पण ते मला कळणार नाही. तू सांगायचंस. लपवायचं नाही."

मी हो म्हणाले. मेलं कशाला म्हणाले, असं नंतर किती वेळा वाटलं.

मार्चमध्ये मुलगी आली. आजीने तिला चमच्याची परीक्षा समजावली. मुलीला आईची भाषा येत नव्हती आणि माझी तर नव्हतीच. "ओके," ती म्हणाली, "दाखवा करून." कोटसुद्धा काढला नव्हता तिने. मला तिडीक आली. म्हटलं, थांब, आता बघच. रोज चुकून व्हायची ती चूक मी आज मुद्दाम करणार होते, अगदी ढळढळीत. चमचा वाजला की ही गप्प बसेल.

आजीने दोन ओळी सुरात टाकल्या. आवाज खणखणीत. मी जोडल्या:

बर्फ सरले, बाहेर ये,
बसू बागेत थोडे.

उन्हात म्हणायला हवं होतं, मी बागेत म्हणाले. आणि वाट बघत राहिले.

आजी हसली. "सुरेख," म्हणाली. चमचा हातातच.

मुलगी माझ्याकडे वळली. "सो? बरोबर होतं ना?"

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. आजी राहिली असती, आमचं घर राहिलं असतं, जन्मात कोणाला कळलं नसतं. पण पडद्याचा जळका काठ समोर लोंबत होता. मी आजीच्या हातातून चमचा घेतला आणि टेबलावर मारला.

आजीचं हसू गेलं. मग म्हणाली, "परत म्हण. सावकाश."

मी म्हटलं. बर्फला तिने एक बोट उघडलं, बाहेरला दुसरं, बसूला तिसरं. बागेत आलं आणि गेलं. तीन बोटं तशीच धरून तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणखी एक होतं का ते शोधत. मला डोळे वर करवेनात.

तिने हात मांडीवर घेतला आणि मुलीला म्हणाली, "माझंही तिकीट काढ."