माजी हवालदाराचा दाखला

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. रत्नागिरी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदाराने अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी आणि मोफत उपचारांसाठी अर्ज केला होता. दारूगोळ्याच्या डेपोत रसायनांची जुनी पिंपं नष्ट करताना विषारी वाफ छातीत गेली, असं त्याचं म्हणणं. सोबत जोडलेला लष्करी रुग्णालयाचा दाखला बनावट निघाला आणि तक्रार माझ्याकडे आली.

दोनच दिवसांत खबर मिळाली. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, एक एजंट माजी सैनिकांना घेऊन येतो आणि त्यांची मूळ कागदपत्रं स्वतःकडेच ठेवतो. नावगाव त्याला ठाऊक नव्हतं.

हवालदाराला चौकशीला बोलावलं. ताठ बसला होता, पण चार शब्दांनंतर धाप लागायची. दाखला पुढे ठेवताच म्हणाला, "शिक्का खोटा आहे, साहेब. खोकला खोटा नाही."

बनवून कुणी दिला, ते मात्र सांगेना. मी आवाज चढवला, अटकेची भीती घातली. त्याचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा ठाणे अंमलदाराने धावत जाऊन रुग्णवाहिका बोलावली. मी घाबरलो होतो, हे आज कबूल करतो.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्याची बायको माझ्यापाशी आली. "हे सांगायचे नाहीत. ह्यांचं लष्करातून सुटल्याचं डिस्चार्ज बुक त्या एजंटाकडं आहे. नाव घेतलंत तर जाळून टाकीन म्हणालाय." हातखंब्याजवळचा एजंटाचा गाळा तिनेच सांगितला.

त्याच दुपारी पंचांसमक्ष झडती घेतली. कपाटात अनेक सैनिकांची अशी डिस्चार्ज बुकं सापडली. हवालदाराच्या बुकात घडी घातलेला एक कागद होता. लष्करी रुग्णालयातल्या त्याच्या खऱ्या उपचारांची नोंद, आजाराच्या कारणासकट. त्यातलं डॉक्टरी इंग्रजी हवालदाराला कधी समजलंच नव्हतं; एजंटाला समजलं होतं.

कागद का दडवला, असं मी एजंटाला विचारलं. म्हणाला, "तो कागद दाखवला असता, तर खोट्या दाखल्याचे पैसे त्याने मला कशाला दिले असते?"

एजंटावर गुन्हा दाखल झाला. हवालदारानेही खोटा दाखला वापरला होता. ते मी लपवलं नाही, पण त्याला कसं फसवलं तेही सविस्तर लिहिलं. न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं. खऱ्या कागदावर नवा अर्ज मंजूर झाला, प्राणवायूचं यंत्र घरी आलं. तोवर स्वतःच्या अंगणाच्या पायऱ्याही त्याला चढवत नव्हत्या.

त्यानंतर बनावट कागद समोर आला की, सरळ वाटेने या माणसाला काय मिळालं नाही, हे मी आधी विचारू लागलो. आणि जबाब घेताना समोरच्याचा श्वास बघायला शिकलो. तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर शिकलो, याची लाज वाटते.