चौथी पंजी

आमच्या कॅसिनोने आपल्याला एकदा तरी हाकलून द्यावं, एवढीच मार्सेल इंचाउस्पेची इच्छा होती, आणि आम्ही त्याला अकरा वर्षं फुकट नाश्ता देत होतो. दोन अंडी, तळलेले बटाटे, कॉफी. फुकट नाश्ता कोणाला मिळतो हे आमच्या एल्को गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हरणाऱ्याला. जिंकणाऱ्याला दार दाखवतात.

एकवीसच्या, म्हणजे ब्लॅकजॅकच्या, टेबलावर पत्ते मी वाटायची. बेरीज एकवीसच्या जवळ नेणारा जिंकतो, वर गेला तो हरतो. सकाळी एकच टेबल उघडं असायचं आणि दहाच्या ठोक्याला मार्सेल त्यावर हजर. टोपी मांडीवर, डाव्या खिशात घेवड्याचे चार सुके दाणे.

हा बास्क माणूस, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा. पोरवयात समुद्र ओलांडून आला आणि चाळीस वर्षं नेवाडाच्या डोंगरात मेंढरं राखली. दोन हजार मेंढरं रोज मोजत कोण बसणार? म्हणून शंभरात एक काळं मेंढरू ठेवायचं आणि संध्याकाळी नुसती काळी मोजायची. वीस भरली की कळप पुरा. पत्त्यांतही त्याने तेच केलं. पंजी हे त्याचं काळं मेंढरू. एक पंजी पडली की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. आम्हा वाटणाऱ्यांना सोळावर पत्ता ओढावाच लागतो, आणि पंजी आली की आमचे एकवीस. म्हणजे चारही पंज्या गेल्या की उरलेला कॅट खेळणाऱ्याच्या बाजूचा. मग हा दोन डॉलरच्या जागी दहा लावायचा.

हिशेब चोख होता. कोणी आडवं आलं नसतं, तर या हिशेबाने माणूस वर्षअखेरीस जिंकलाच असता. आडवी मी येत होते. चौथा दाणा खिशात गेला की मी सगळे पत्ते गोळा करून पिसायला घ्यायची. साहेबांचा हुकूमच होता, कोणी मोजतंय असं वाटलं की पिसा. त्यात बेकायदा काही नाही. मार्सेल दहा डॉलर मागे घ्यायचा, दोन ठेवायचा आणि विचारायचा, तुझ्या हाताला एवढी कसली खाज सुटते. मी म्हणायची, सवय. त्याला ते पटायचं. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण वाईट वाटण्याचा पगार मिळत नाही.

घरी ग्रासियेन होती. त्याची बायको, तोंडाने फटकळ. तिचं म्हणणं सरळ होतं: तू जिंकणारा असतास तर त्यांनी तुला हाकललं असतं, अंडी खाऊ घातली नसती. वर स्वतःच्या भावाचा दाखला द्यायची. त्याला विनेमुक्काच्या एका कॅसिनोने कायमची बंदी केली होती. भाऊ गालिच्यावर ओकला म्हणून केली होती, पण ते तोंडावर बोलण्याइतका मार्सेल आगाऊ नव्हता.

अकराव्या वर्षी मार्चमध्ये एकदा टेबलावर आम्ही दोघंच होतो. त्याने पत्ते डोळ्यांजवळ नेले, लांब नेले, मग खाली ठेवले. दोन्ही डोळ्यांत काहीतरी उतरत होतं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत पंजी कुठली आणि छक्की कुठली ते कळणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं.

"लॉर्ना, खरं सांग," तो म्हणाला. "लांबच्या हिशेबात माझ्यासारखा माणूस जिंकू शकतो का? की ग्रासियेन म्हणते तेच खरं?"

मी म्हटलं, पत्ता घेताय का?

पण दुसऱ्या दिवसापासून मी पिसणं थांबवलं. चौथा दाणा पडला तरी हात टेबलावर ठेवून उभी राहिले. आणि हा बाबा हरला! तीन दिवस ओळीने हरला. लांबच्या हिशेबाची हीच तर गंमत असते, तो लांब असतो. मी मनात त्याला शिव्या घातल्या. नोकरी पणाला लावली होती मी, आणि या माणसाला चार डाव धड जिंकता येईनात.

दुसऱ्या आठवड्यात पत्ते वळले. तिसऱ्या आठवड्यात साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. मार्सेलने चौथा दाणा या खिशातून त्या खिशात घातला, दहा डॉलर लावले आणि एक्का-राजा उचलला, दोनच पत्त्यांत एकवीस. हा किती दिवस असं करतोय, साहेबांनी माझ्या कानात विचारलं. मी म्हटलं, आत्ताच बघतेय.

मग साहेब पुढे झाले. अदबीने म्हणाले, "मिस्टर इंचाउस्पे, तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं खेळता. आजपासून तुम्हाला इथे एकवीस बंद. नाश्त्याला मात्र या."

मार्सेल उठून उभा राहिला. एका कानाने कमी ऐकू येतं, पुन्हा जरा मोठ्याने सांगा, असं म्हणाला. त्याचे दोन्ही कान ठणठणीत होते. साहेबांनी पुन्हा सांगितलं, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं. मार्सेलने त्यांचा हात हातात घेतला, टोपी घातली आणि निघाला. नाश्त्याला तो परत कधी आला नाही.

दोन आठवड्यांनी ग्रासियेन मला दुकानात कांद्यांपाशी भेटली. पिशवी खाली ठेवून तिने विचारलं, जिंकला तो, हे खरं का. मी हो म्हटलं. त्याची मेंढरांची मोजणी बरोबर होती का? पहिल्या दिवसापासून, मी म्हटलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तिचा चेहरा असा उतरला की मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, अकरा वर्षांचं पिसणं आणि शेवटचे तीन आठवडे. आता ही बाई भर दुकानात माझे वाभाडे काढणार, या तयारीने उभी राहिले.

तिने दोन कांदे निवडून पिशवीत टाकले. "त्याला हे माहीत आहे?"

"नाही. आज जाऊन सांगते."

"अजिबात नाही," ग्रासियेन म्हणाली. "तिथे तू आणि घरी मी, दोघींनी मिळून त्याला अकरा वर्षं वेड्यात काढलं. आता जिंकू दे त्याला."